मोकळी होते, पण बरी होत नाही : मालिशनंतर पुन्हा पुन्हा परतणाऱ्या पोटरीच्या दुखण्याचे एक प्रकरण

परिस्थिती

या प्रकरणातील धावपटू ४३ वर्षांची स्त्री आहे. तिचे काम बैठे आहे, ती सुमारे सहा वर्षे नियमित धावते, पूर्वी तिला पायाची मोठी दुखापत झालेली नाही आणि ती अर्ध मॅरेथॉनच्या, म्हणजे २१.१ किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत होती. हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही; पोटरीच्या दुखण्यात वारंवार दिसणारा क्रम एका जागी मांडता यावा म्हणून ते रचलेले आहे आणि त्यातील मोजमापे त्या क्रमाला धरून घेतलेली आहेत.

दुखणे सुरू होण्याआधी दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी बदलल्या होत्या. आठवड्याचे धावण्याचे अंतर तीन आठवड्यांत २५ किलोमीटरवरून ४० किलोमीटरवर गेले होते आणि त्याच सुमारास तिने टाचेकडे कमी उंच असलेले बूट वापरायला घेतले होते. पहिल्या बदलाने पायाला एकूण काम वाढले. दुसऱ्याने त्या कामातला पोटरीचा आणि टाचेवरच्या स्नायुबंधाचा वाटा वाढला, कारण टाच जितकी खाली, तितकी पोटरी अधिक ताणलेल्या अवस्थेत काम करते. यातला कोणताही एक बदल बहुधा खपून गेला असता.

पहिले लक्षण साधे होते. सहाव्या किलोमीटरच्या आसपास उजवी पोटरी आतून भरून आल्यासारखी वाटू लागली. काही तुटल्याचा आवाज नाही, अचानक कळ नाही, त्वचेवर निळेपणा नाही. धाव पूर्ण करता आली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना पोटरी खोलवर ठणकली. दोन दिवस विश्रांती घेतल्यावर ती पुन्हा धावली आणि पुन्हा सहाव्या किलोमीटरलाच तोच अनुभव आला. ‘पोटरी आखडली आहे, चोळून मोकळी करू’ हा निष्कर्ष स्वाभाविक होता आणि इथून मालिश सुरू झाली.

पुढचे सात आठवडे दर आठवड्याला तासाभराची खोल दाबाची मालिश, रोज सकाळ-संध्याकाळ फोम रोलर, म्हणजे पोटरीखाली फिरवायचा फोमचा दंडगोल, आणि धावण्याआधी मसाज गन, म्हणजे स्नायूवर झटपट ठोके देणारे हातातले यंत्र, असा कार्यक्रम चालला. प्रत्येक मालिशनंतर पोटरी खरोखर हलकी वाटे आणि हा आराम साधारण दोन दिवस टिकत असे. पण न दुखता धावता येणारे अंतर सहा किलोमीटरवरून पाचवर आणि मग तीनवर घसरले. मालिशतज्ज्ञ अनुभवी आणि मनापासून काम करणारे होते. “ताई, गाठ अजून हाताला लागतेय, ती सुटेपर्यंत थांबायचं नाही,” असे ते सांगत आणि दर खेपेला दाब थोडा वाढत जाई. शेवटच्या खेपेला कोपराचा वापर झाला. दुसऱ्या दिवशी पोटरीवर निळसर डाग उमटला, बसल्या जागीही ठणका लागला आणि पाय सुजला, तेव्हा प्रकरण तपासणीसाठी आले.

तपासणीला येताना तिचा प्रश्न एकच होता : दर वेळी बरे वाटते, मग बरे का होत नाही? या प्रकरणाचा सगळा विचार या प्रश्नाभोवती फिरतो, कारण आराम खरा होता. तो मनाचा खेळ होता असे म्हणून सोडून देता आले नसते.

आधी काय वगळले

एका बाजूची पोटरी दुखते आणि सुजते आहे असे कोणी सांगितले की स्नायूचा विचार करण्याआधी खोल शिरेतील रक्ताच्या गुठळीचा, म्हणजे डीप व्हेन थ्रॉम्बोसिसचा, विचार करावा लागतो. अशी गुठळी असलेल्या पायावर जोरात मालिश झाली तर तिचा तुकडा सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकू शकतो, आणि मालिशनंतर असे घडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा घटना विरळ असल्या तरी त्यांचा परिणाम जिवावर बेतणारा असतो. त्यामुळे पोटरीला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारणे हा शिष्टाचाराचा नव्हे, सुरक्षेचा भाग आहे.

या बाईंच्या उत्तरांतून दोन गोष्टी पुढे आल्या. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी सलग अकरा तास बसून प्रवास केला होता आणि त्या गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या. या दोन्हींमुळे गुठळीची शक्यता काही अंशी वाढते. उलट बाजूला, नुकतीच शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळून राहणे, कर्करोग, पूर्वीची गुठळी यांपैकी काहीही नव्हते. पोटरीचा घेर नडगीच्या वरच्या उंचवट्याच्या १० सेंटिमीटर खाली मोजला तेव्हा उजवा पाय डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटरने जाड भरला. गुठळीची शक्यता जोखण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या वेल्स गुणांकनात ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला तरच त्याला गुण मिळतो. पाऊल वर ओढल्यावर पोटरीत दुखते का हे पाहण्याची जुनी पद्धत इथे कामाची नव्हती. ती कोणत्याही दुखऱ्या पोटरीत होकारार्थी येते आणि गुठळी असूनही नकारार्थी येऊ शकते.

डॉक्टरांनी रक्तातील डी-डायमरची, म्हणजे साकळलेले रक्त विरघळताना तयार होणाऱ्या घटकाची, चाचणी न करता थेट शिरांची डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करवून घेतली. निळा डाग पडलेल्या पायात रक्त साकळलेले असल्याने डी-डायमर तसाही वाढलेला येण्याची शक्यता होती आणि मग त्या आकड्याचा अर्थ लावता आला नसता. सोनोग्राफीत शिरा मोकळ्या निघाल्या. श्वास लागणे, छातीत दुखणे किंवा सूज झपाट्याने वाढणे यांपैकी काही झाले तर वाट न पाहता रुग्णालयात जायचे, एवढी सूचना तरीही देण्यात आली.

बाकीच्या शक्यता लवकर मिटल्या. पोटावर झोपवून पोटरी दाबली की पाऊल नीट खाली वळत होते, म्हणजे टाचेवरचा स्नायुबंध शाबूत होता. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एका बिंदूत दुखत नव्हते, त्यामुळे हाडाला ताणाने तडा गेल्याचा संशय मागे पडला. पाठीतून पायात जाणाऱ्या नसेला ताण देणाऱ्या हालचालींनी दुखणे बदलले नाही. धावताना पाऊल बधिर होणे किंवा पोटरी दगडासारखी घट्ट होऊन थांबताच काही मिनिटांत सुटणे हे स्नायुकप्प्यातील दाबवाढीचे चित्रही नव्हते. रक्त पातळ करणारी औषधे चालू नव्हती. अतिजोराच्या मालिशने स्नायुपेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्याच्या मोजक्या नोंदी असल्यामुळे लघवीचा रंग गडद झाला होता का, हेही विचारले गेले; तसे काही झाले नव्हते.

व्यायामानंतर येणारे नेहमीचे अंगदुखणे वेगळे कसे ओळखायचे, हा मुद्दा थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण मालिशची बहुतेक कीर्ती त्या दुखण्यावर उभी आहे. अनोळखी किंवा जास्तीच्या व्यायामानंतर, विशेषतः उतारावर धावण्यासारख्या, स्नायू लांब होत असताना भार पेलायला लावणाऱ्या व्यायामानंतर, दुखणे काही तासांनी सुरू होते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते आणि साधारण आठवड्याच्या आत आपले आपण जाते. ते बहुधा दोन्ही पायांत, स्नायूभर पसरलेले असते. त्याचे खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फोडले जाते, पण व्यायामानंतर लॅक्टेटची पातळी तासाभरात जवळपास पूर्ववत होते, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे दुखणे त्याच्या माथी मारता येत नाही. आपल्या प्रकरणातले दुखणे एकाच पायात, एकाच जागी, ठरावीक अंतरावर येणारे आणि आठवड्यांनी वाढत जाणारे होते. ते या वर्णनात कुठेच बसत नव्हते आणि एवढी एक गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच खटकायला हवी होती.

तपासणीत काय दिसले

पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा, आकाराने उठून दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर सुरू होतो. त्याच्याखाली दडलेला सोलियस गुडघ्याच्या खाली सुरू होतो. म्हणून गुडघा वाकवला की गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि कामाचा मोठा भाग सोलियसवर येतो. धावताना सोलियसवर येणारे बल शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पटींच्या घरात असते. त्यात मुख्यतः सावकाश थकणारे तंतू असतात, त्यामुळे तो बराच काळ निमूट सहन करतो आणि दुखावला तरी बहुतेक वेळा मोठी कळ न देता ‘आखडल्यासारखा’ वाटत राहतो. चाळिशीपुढच्या धावपटूंमध्ये ही दुखापत आखडलेपणा समजून महिनोन्‌महिने चोळली जाते, याचे कारण हेच आहे.

गुडघा सरळ ठेवून एका पायावर टाच उचलण्याच्या चाचणीत डावा पाय २६ वेळा आणि उजवा ११ वेळा उचलला गेला. गुडघा किंचित वाकवून तीच चाचणी केली तेव्हा डावा २२ वेळा आणि उजवा फक्त ६ वेळा, तोही दहापैकी ५ इतक्या वेदनेसह. पोटरीच्या बाहेरच्या कडेने, खोलवर, नखाएवढ्या जागेत दाबल्यावर नेमके तिचे दुखणे जागे झाले. मालिशतज्ज्ञांच्या हाताला लागणारी ‘गाठ’ हीच.

डॉप्लरच्या वेळी स्नायूही पाहिला गेला होता आणि तो ठीक दिसला होता. यावर फार विसंबता येत नाही, कारण सोलियसची सौम्य दुखापत सोनोग्राफीत अनेकदा निसटते. तिच्यासाठी एमआरआय अधिक भरवशाचा. तरीही एमआरआय लगेच केला नाही. त्यात सौम्य इजा दिसली असती किंवा नसती, तरी पहिल्या चार आठवड्यांचा कार्यक्रम तोच राहिला असता. चार आठवड्यांत मोजमापे हलली नाहीत तर मात्र तो करायचा, असे ठरले. हा निर्णय योग्य वाटतो. चाचणीचे उत्तर काहीही आले तरी पुढची कृती बदलणार नसेल, तर ती चाचणी मुख्यतः मनाच्या समाधानासाठी असते.

निदान असे मांडले गेले : उजव्या सोलियसला सौम्य, जुनी होत चाललेली इजा, त्याच्या जोडीला त्या स्नायूची घटलेली ताकद, आणि अलीकडच्या खोल दाबामुळे वरून झालेली नवी मुका मारासारखी इजा.

मालिशने नेमके काय होत होते

मुका मार ओसरल्यावर, तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला, एक साधी गोष्ट करून पाहिली. मालिशच्या आधी, लगेच नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अशी तीनदा मोजमापे घेतली. घोट्याची लवचिकता मोजण्यासाठी भिंतीसमोर उभे राहून, टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते पाहायचे. डाव्या पायाचे अंतर १२ सेंटिमीटर होते. उजव्याचे मालिशआधी ८ होते, पंधरा मिनिटांच्या हलक्या ते मध्यम दाबाच्या मालिशनंतर साडेदहा झाले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा साडेआठवर आले. टाच उचलताना होणारी वेदना ५ वरून ३ वर उतरली. पण गुडघा वाकवून टाच उचलण्याची संख्या आधी ६, नंतर ७ आणि सकाळी पुन्हा ६ भरली.

या आकड्यांत तिच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. पंधरा मिनिटांत अडीच सेंटिमीटर वाढलेली लवचिकता ऊतक लांबल्यामुळे आलेली असू शकत नाही. लांबले असते तर रात्रीतून ते आखडून पूर्ववत झाले नसते. मालिशने स्नायूभोवतीचे आवरण, ज्याला फॅशिया म्हणतात, वितळते किंवा सुटते असे समजले जाते. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात मांडीच्या बाहेरच्या बाजूचे आणि तळपायाचे दाट फॅशिया अवघे एक टक्का दाबले जाण्यासाठी लागणारे बल माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचे निघाले. जे बदलते ते मुख्यतः मज्जासंस्थेच्या पातळीवर. स्पर्श आणि दाबाचे संदेश वेदनेच्या संदेशांना पाठीच्या कण्यातच काही प्रमाणात थोपवतात, ही कल्पना वेदनेचे संशोधक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली आणि तिच्यात नंतर पुष्कळ भर पडली असली तरी गाभा टिकून आहे. सावकाश हात फिरवल्याने उद्दीपित होणारे मज्जातंतू वेगळेच आहेत. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाच्या हळुवार स्पर्शाला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. शरीर धोक्याची पातळी थोडी कमी ठरवते, स्नायूचा राखणीचा, म्हणजे दुखरा भाग जपण्यासाठी धरलेला, ताण सैल होतो आणि ताण सहन करण्याची मर्यादा तात्पुरती वाढते. तिला पोटरी ‘मोकळी’ वाटत होती ती यामुळे.

मग मालिशचा स्नायूवर प्रत्यक्ष परिणाम होतच नाही का? होतो, पण आपण समजतो तिथे नव्हे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ तरुण पुरुषांना थकवणारा व्यायाम देऊन एका मांडीला दहा मिनिटे मालिश केली आणि दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासले. मालिश केलेल्या बाजूला दाह घडवून आणणारे काही रेणवीय संकेत कमी आढळले; लॅक्टेटमध्ये मात्र फरक नव्हता. नमुना लहान आहे आणि निरोगी, नुकत्याच थकलेल्या स्नायूचा आहे, हे विसरून चालणार नाही. रक्तप्रवाहाबाबतही समजुतीला धक्का देणारी निरीक्षणे आहेत : १९९७ मध्ये डॉप्लरने मोजून पाहिले तेव्हा हाताने केलेल्या मालिशने हातापायांच्या मुख्य वाहिनीतला प्रवाह वाढल्याचे दिसले नाही. त्वचा लाल आणि ऊबदार होते ते तिच्यातल्या बारीक वाहिन्यांमुळे. क्रीडा मालिशवरच्या अभ्यासांचा २०२० चा एकत्रित आढावा सांगतो की व्यायामानंतरचे दुखणे आणि लवचिकता यांत थोडी सुधारणा होते. ताकद, वेग, उडी किंवा दमसास यांत वाढ होत असल्याचा पुरावा मिळत नाही.

याचा अर्थ मालिश कुचकामी असा काढणे चुकीचे ठरेल. मानेच्या जुनाट दुखण्यावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चार आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा तासभर मालिश घेणाऱ्यांना स्पष्ट फायदा झाला, तर अर्ध्या तासाच्या खेपांचा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे योग्य दुखण्यात योग्य मात्रा असेल तर मालिश काम करते. आपल्या प्रकरणात अडचण अशी की ज्या स्नायूत भार पेलण्याची ताकद उरली नव्हती त्याला दर आठवड्याला आराम देऊन पुन्हा त्याच भाराखाली पाठवले जात होते. वेदना कमी झाल्यामुळे ती धावत होती, धावल्यामुळे इजा उकरली जात होती, आणि कमी ताकदीचा स्नायू लवकर थकून पुन्हा राखणीच्या ताणात जात होता. आखडलेपणाला कारण समजून उपचार चालला होता. प्रत्यक्षात तो परिणाम होता.

‘गाठी’बद्दलही दोन शब्द. स्नायूतल्या दुखऱ्या, घट्ट बिंदूंची कल्पना ट्रॅव्हेल आणि सिमन्स या डॉक्टरांच्या १९८३ च्या ग्रंथाने जगभर पोहोचवली आणि तिच्यावर आजही भरपूर उपचार उभे आहेत. पण एकाच रुग्णात दोन तज्ज्ञांनी बोटाने चाचपून असा बिंदू एकाच जागी दाखवावा, यात त्यांचे एकमत फारसे चांगले नसते. हाताला काही घट्ट लागले हे खरे असू शकते. ते काय आहे हे हात सांगत नाही. इथे ती जागा बहुधा इजेची होती, आणि सात आठवडे तिच्यावरच सर्वाधिक दाब दिला जात होता. जिथे जास्त दुखते तिथेच जास्त दाबायचे, ही सवय मालिशच्या व्यवसायात खोल मुरलेली आहे आणि ती सोडवणे कोणत्याही गाठीपेक्षा अवघड आहे.

उपचाराची फेररचना

मालिश बंद केली नाही, तिची जागा बदलली. निळा डाग पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन आठवडे, पोटरीला खोल दाब नाही, रोलर नाही, त्या पायाला मसाज गन नाही. मुका मार लागलेल्या स्नायूला लवकर जोरात चोळणे तसेही टाळावे लागते. मांडीवर मोठा मार बसल्यानंतर असे केल्याने स्नायूत हाड तयार होण्याचा धोका वाढतो, असे क्रीडावैद्यकात मानले जाते. इथे मार तेवढा मोठा नव्हता, पण घाई करण्यात मिळवण्यासारखे काही नव्हते. धावणे थांबवले, बुटात टाचेखाली तात्पुरती एक सेंटिमीटरची उंची दिली आणि चालणे व सायकल चालू ठेवली.

ताकदीचे काम पहिल्या आठवड्यातच सुरू झाले. सुरुवात बसून : गुडघा काटकोनात, मांडीवर वजन, टाच किंचित उचलून ४५ सेकंद धरायची, दोन मिनिटे विश्रांती, असे पाच वेळा. हालचाल नसलेल्या या व्यायामात दुखऱ्या सोलियसला भार मिळतो, पण तो ताणून लांब केला जात नाही. तिसऱ्या आठवड्यापासून गुडघा वाकवून दोन्ही पायांवर टाचा उचलणे, मग एका पायावर, मग हातात वजन घेऊन, एक दिवसाआड. वजन कधी वाढवायचे याचा निकष वेदनेवर ठेवला : व्यायाम करताना वेदना दहापैकी ३ च्या पुढे जाऊ नये आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या पायऱ्या उतरताना आदल्या दिवसापेक्षा वाढलेली नसावी. सकाळच्या पायऱ्या हा निकष तिला लगेच पटला, कारण दुखण्याची सुरुवात तिथेच झाली होती.

तिसऱ्या आठवड्यापासून मालिश आठवड्यातून दोनदा, दहा ते पंधरा मिनिटे आणि नेहमी ताकदीच्या व्यायामाच्या लगेच आधी. तीनदा घेतलेल्या मोजमापांत दिसलेला आराम काही तास टिकत होता आणि त्या काही तासांत स्नायूला नेमके भाराचे काम द्यायचे होते. तळहाताने लांब, संथ हात. मग स्नायू बाजूला उचलून मळल्यासारखी हालचाल. दाब इतकाच की वेदना ३ च्या आत राहील. इजेची नखाएवढी जागा सुरुवातीला वगळलेली, नंतर तिच्यावरून फक्त हात फिरवायचा. त्या जागेवर बोटाने आडवे जोरात घासण्याची पद्धत वापरली नाही. धारदार कडांच्या अवजारांनी घासणे किंवा कप लावणे यांचाही विचार झाला आणि सोडून दिला गेला. त्यातून हलक्या हातापेक्षा वेगळे काही मिळेल असे मानायला आधार नव्हता आणि नवे डाग पडले असते तर मोजमापे गढूळ झाली असती.

मालिशतज्ज्ञांना यात सामील करून घेतले गेले, आणि माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वांत निर्णायक भाग ठरला. त्यांना मोजमापांचा तक्ता दाखवला तेव्हा ते थोडे थांबले आणि म्हणाले, “म्हणजे माझ्या हाताला सैल लागलं, तरी पायात बळ आलेलं नसतं.” पुढच्या प्रत्येक खेपेला मालिशआधी गुडघा वाकवून किती वेळा टाच उचलता येते हे ते स्वतः मोजून लिहून ठेवू लागले.

पुढे काय झाले

चौथ्या आठवड्याच्या शेवटी उजव्या पायाची संख्या ६ वरून १२ वर गेली आणि एमआरआयची गरज उरली नाही. पाचव्या आठवड्यात ती १५ झाली आणि जागच्या जागी एका पायावर उड्या मारताना दुखेनासे झाले. तेव्हा एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे असे दहा वेळा, एक दिवस सोडून, सुरू केले. नव्या बुटांऐवजी पुन्हा जुन्या, टाच अधिक उंच असलेल्या बुटांचा वापर केला. ज्या शर्यतीसाठी हा सारा खटाटोप चालला होता ती सोडावी लागली. सुरुवातीच्या सात आठवड्यांतच तिची वेळ जवळजवळ हातची गेली होती.

सहाव्या आठवड्यात एकदा घसरगुंडी झाली. ठरवलेल्या सपाट रस्त्याऐवजी ती चढ-उतारांच्या रस्त्याने धावली आणि दुसऱ्या सकाळी पायऱ्यांवर वेदना ५ वर गेली. तिने पहिली मागणी केली ती खोल मालिशची, आणि हे समजण्यासारखे होते : सात आठवडे ज्याने हमखास बरे वाटले होते तेच संकटात आठवते. तिच्याशी भांडण्याऐवजी पुन्हा मोजमाप घेतले. टाच उचलण्याची संख्या १५ वरून १३ वर आली होती, एवढेच. दोन धावा वगळल्या, बसून टाच धरण्याचा व्यायाम चालू ठेवला, मालिश हलकीच ठेवली आणि चार दिवसांनी संख्या पुन्हा १५ झाली. ती आधी घाबरली होती तेवढी इजा झालेली नव्हती, हे तिला पटले ते आकड्यामुळे; समजुतीच्या शब्दांनी ते झाले असते असे वाटत नाही.

नवव्या आठवड्यात ती सलग १० किलोमीटर धावली. त्या वेळी गुडघा वाकवून टाच उचलण्याची संख्या उजवीकडे १९ आणि डावीकडे २३ होती. सकाळी, कोणतीही मालिश न घेता, भिंतीपासूनचे अंतर उजव्या पायाचे ११ सेंटिमीटर भरले. घोटा ताणण्याचा वेगळा कार्यक्रम तिला दिलेलाच नव्हता. ताकद वाढली तशी लवचिकता परत आली.

यातले किती श्रेय कशाला द्यायचे, हे एका प्रकरणावरून ठरत नाही. सौम्य इजा काही आठवड्यांच्या विश्रांतीने आपोआपही भरून येतात; धावणे थांबवणे, खोल दाब थांबवणे, बुटात टाचेखाली उंची देणे आणि ताकदीचा व्यायाम या चारही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या, त्यामुळे त्या वेगवेगळ्या करून पाहायला वाव राहिला नाही. हलक्या मालिशशिवाय हाच निकाल थोडा उशिरा लागला असता, की तितक्याच वेळात लागला असता, हेही सांगता येत नाही. एवढे मात्र नोंदीतून दिसते की सात आठवड्यांच्या खोल मालिशच्या काळात न दुखता धावता येणारे अंतर निम्म्यावर आले आणि भार वाढवण्याच्या नऊ आठवड्यांत ते तिप्पट झाले.

सध्या ती महिन्यातून एकदा मालिश घेते, कारण तिला ती आवडते; ही सवय मोडण्याचे काही कारण नाही. ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू आहे. दोन्ही पायांतला चार वेळांचा फरक भरून येईपर्यंत कमी उंचीच्या टाचेचे बूट वापरायचे नाहीत आणि आठवड्याचे अंतर वाढवायचे ते आधीच्या आठवड्याची सकाळच्या पायऱ्यांची नोंद पाहूनच, असे ठरले आहे.